घरपोच औषध आणि कायद्याची चौकट

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)

या व्याख्यानमालेत यापूर्वी विद्वान वक्त्यांनी अनेकांतवाद, कर्मसिद्धांत अशा गहन विषयांवर आपणांस मार्गदर्शन केले. त्या पंक्तीत माझ्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्याने बसावे हे धाडसच आहे. तथापि मला दिलेला विषय शास्त्राचा नसून व्यवहाराचा आहे आणि त्याला एक तातडीचे कारण आहे. आपल्या ट्रस्टच्या औषधसाहाय्य योजनेतून गरजू वृद्धांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची औषधे दरमहा दिली जातात. ही औषधे गावातील दुकानांतून न घेता एखाद्या ऑनलाईन कंपनीकडून एकत्रित मागवावीत, तेथे सवलत मोठी मिळते, तेवढ्याच पैशांत अधिक रुग्णांना मदत होईल, असा लेखी प्रस्ताव आपल्या काही युवक सदस्यांनी दिला आहे. प्रस्तावामागचा हेतू निर्मळ आहे याविषयी कोणाच्याही मनात शंका नसावी. त्यावर निर्णय घेण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहून समाजासमोर मांडावी, असे विश्वस्त मंडळाने मला सुचविले. मी वकील नाही. बी. कॉम. करताना व्यापारी कायदा शिकलो आणि नंतर विक्रीकर, व्हॅट, जीएसटी असे एकामागून एक कायदे पेढीवर बसून वाचीत आलो, एवढीच माझी पात्रता समजावी.

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चार दानांचे महत्त्व येथे कोणास सांगावयास नको. यांपैकी औषधदान हे मला नेहमी सर्वांत अवघड वाटत आले आहे. अन्न चांगले की वाईट हे देणाऱ्याला कळते आणि घेणाऱ्यालाही कळते. औषधाचे तसे नाही. देणारा त्याची परीक्षा करू शकत नाही आणि घेणारा तर मुळीच करू शकत नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक ताका उलगडून पाहते, पोत हाताला लावते, पन्हा मोजते, धागा काढून बघते आणि तरीही मन भरले नाही तर उठून शेजारच्या दुकानात जाते. घरी नेलेले कापड धुतल्यावर आटले तर भांडावयास येते. औषधाच्या गोळीचा पोत कोण पाहणार? ती खोटी निघाली तर रुग्ण भांडावयास येईलच याची खात्री नाही.

विक्रीच्या व्यवहारात ‘ग्राहकाने स्वतः सावध राहावे’ हे तत्त्व आम्ही १९३० च्या मालविक्री कायद्यात शिकलो. औषधांच्या बाबतीत कायद्याने हे तत्त्व पुरेसे मानलेले नाही. ग्राहक सावध राहूच शकत नाही हे ओळखून त्याच्या वतीने सावध राहणारी एक व्यक्ती कायद्याने मध्ये उभी केली आहे. तिला आपण फार्मासिस्ट म्हणतो. आज मला जे सांगावयाचे आहे ते प्रामुख्याने या व्यक्तीविषयी आहे. मोबाईलवरून औषध मागविले असता ही व्यक्ती नेमकी कोठे उभी असते, हा खरा प्रश्न आहे. सवलत किती, गाडी किती वेळात येते, हे प्रश्न त्यानंतरचे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आणि त्याखालील नियम १९४५ चे. त्यांतील कलम १८ प्रमाणे परवान्याविना औषध विकता येत नाही, विक्रीसाठी साठवता, मांडता वा देऊ करताही येत नाही. ‘विक्रीसाठी देऊ करणे’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण पुढचा वाद बऱ्याच अंशी त्यांच्याभोवती फिरतो. परवाना हा माणसाइतकाच जागेला जोडलेला असतो. दोन ठिकाणी दुकाने असतील तर दोन परवाने लागतात. किरकोळ दुकानाला निदान १० चौरस मीटर जागा हवी आणि परवाना येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसेल असा लावलेला हवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हातून किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले पाहिजे, असे नियम ६५ सांगतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ मध्येही हेच बंधन आहे. म्हणजे स्वातंत्र्याच्या आगेमागेच आपल्या देशाने ठरविले होते की औषध ही वस्तू असली तरी ते देणे ही एक जबाबदारी आहे आणि त्या जबाबदारीला नाव व पत्ता असला पाहिजे.

औषधांचेही वर्ग आहेत. शेड्यूल एचमधील औषधे चिठ्ठीशिवाय द्यावयाची नाहीत. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू झाले. त्यात काही वरच्या श्रेणीची प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे आणि सवय लावणारी काही औषधे घातली गेली. ती देताना विक्रेत्याने वेगळ्या नोंदवहीत डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या लिहावी व ती वही तीन वर्षे जपून ठेवावी, असा नियम आहे. शेड्यूल एक्सचे निर्बंध त्याहून कडक. आपल्या घरातील गोळ्यांच्या पाकिटावर लाल रेघ दिसत असेल तर ते औषध मनाने घ्यावयाचे नसते. आपण पर्युषणात पाणी गाळून, उकळून पितो आणि शेजाऱ्याने दिलेली प्रतिजैविकाची गोळी मात्र न विचारता घेतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. असो.

आता चिठ्ठीकडे वळू. माझ्या मते ऑनलाईन विक्रीतील सर्वांत गंभीर प्रश्न येथे आहे, आणि सवलतीच्या चर्चेत त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

नियमांप्रमाणे चिठ्ठी लेखी हवी, तीवर डॉक्टरांची सही व तारीख हवी, रुग्णाचे नाव व पत्ता हवा, औषध किती आणि कसे घ्यावयाचे ते हवे. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यावयाचे असते. ते दिले की विक्रेत्याने चिठ्ठीवर आपले नाव, पत्ता व तारीख टाकावी, असाही नियम आहे. वरवर ही कारकुनी वाटते. आपल्यातील जुन्या मंडळींना मात्र तिचे मर्म लगेच कळेल, कारण हुंडीच्या व्यवहारात हेच होते. हुंडी वटली, तिचे पैसे दिले गेले, की तिच्यावर शेरा पडे आणि तिचा ‘खोका’ होई. खोक्याचे पुन्हा पैसे मिळत नसत. मूळ हुंडी वाटेत गहाळ झाली तर दुसरी प्रत काढीत, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही गहाळ झाली तर ‘परपेठ’. परंतु पेठेवर मूळ हुंडीचा आणि परपेठेवर आधीच्या दोन्हींचा उल्लेख असे. कागद तीन झाले तरी रक्कम एकदाच दिली जाई. टपालही धड नसलेल्या काळात आपल्या पूर्वजांनी नकलेचा प्रश्न असा सोडविला होता.

मोबाईलने काढलेल्या चिठ्ठीच्या छायाचित्राचा खोका होत नाही. मूळ कागद रुग्णाच्या खिशातच राहतो, त्याच्यावर कोणाचाही शिक्का उमटत नाही. तेच छायाचित्र आज एका कंपनीला, उद्या दुसऱ्या कंपनीला, परवा तिसऱ्या कंपनीला पाठविता येते. प्रत्येक ठिकाणी एखादा फार्मासिस्ट पडद्यावर ती चिठ्ठी प्रामाणिकपणे तपासतही असेल, पण इतर दोघांनी काय दिले हे त्याला दिसत नाही. रक्तदाबाच्या गोळीत याने फारसे बिघडणार नाही. झोपेच्या गोळ्यांत मात्र बिघडते. चिठ्ठी इलेक्ट्रॉनिक असण्याला माझा विरोध नाही. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांनुसार डॉक्टर दुरूनही औषध लिहून देऊ शकतात. मात्र त्यांतही औषधांच्या याद्या केल्या आहेत आणि शेड्यूल एक्समधील व अमली औषधे दुरून लिहून देण्यास स्पष्ट मनाई आहे. अडचण एवढीच की इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी ‘वटल्याची’ नोंद सर्व विक्रेत्यांना दिसेल अशी एक वही हवी. त्या वहीवाचून चिठ्ठीचे छायाचित्र म्हणजे कितीही वेळा वटणारी हुंडी होय.

ही भीती काल्पनिक नाही हे सांगण्यासाठी थोडा वेळ देशाबाहेर जावे लागेल, कारण हा धंदा आपल्या आधी तिकडे सुरू झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात रायन हाइट नावाचा १८ वर्षांचा एक हुशार विद्यार्थी फेब्रुवारी २००१ मध्ये वेदनाशामक औषधाच्या अतिसेवनाने मरण पावला. ते औषध त्याने घरी बसून इंटरनेटवरून मागविले होते. ज्या डॉक्टरच्या नावे ते लिहिले गेले, त्याने मुलाला कधी पाहिलेही नव्हते. त्याच्या आईने पुढे अनेक वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि २००८ मध्ये त्या मुलाच्याच नावाने अमेरिकेत कायदा झाला. नियंत्रित औषध इंटरनेटवरून देण्यापूर्वी डॉक्टरने रुग्णाला किमान एकदा प्रत्यक्ष तपासलेले असावे, असे तत्त्व त्याने घालून दिले. युवक मित्रांनो, चिठ्ठीवरचा शिक्का ही कारकुनी नव्हे असे मी म्हणालो ते यासाठी.

आता आपल्या देशातील वादाकडे येऊ. ऑनलाईन कंपन्यांचे म्हणणे थोडक्यात असे की आम्ही औषध विकतच नाही. विक्री परवानाधारक दुकान करते. आम्ही केवळ मागणी त्या दुकानापर्यंत आणि औषध रुग्णापर्यंत पोहोचवितो, जसे एखादे ॲप खानावळीतील जेवण पोहोचविते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ७९ मध्यस्थाला काही संरक्षण देते, त्याचाही आधार घेतला जातो. उलट पक्षाचे म्हणणे असे की संकेतस्थळावर औषध, किंमत आणि सवलत मांडणे हेच ‘विक्रीसाठी देऊ करणे’ होय आणि त्याला परवाना हवा. १९४० च्या कायद्यात इंटरनेट नव्हते, त्यामुळे दोघांनाही त्यात आपापल्या सोयीचे वाचता येते.

सरकारने काय केले? ३० डिसेंबर २०१५ रोजी भारताच्या औषध महानियंत्रकांनी सर्व राज्यांना पत्र पाठवून ऑनलाईन विक्रीत कायद्याचा भंग होतो का यावर लक्ष ठेवण्यास सांगितले. त्या वर्षी या प्रश्नावर जी उपसमिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद आपल्या महाराष्ट्राचे तत्कालीन अन्न व औषध प्रशासन आयुक्त हर्षदीप कांबळे यांच्याकडे होते. पुढे २८ ऑगस्ट २०१८ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. तो मी वाचला आणि मला तो बराच समंजस वाटला. केंद्रीय प्राधिकरणाकडे नोंदणी, तिचे शुल्क ५० हजार रुपये, मुदत ३ वर्षे. अमली व मनोविकारांवरील औषधे, ट्रँक्विलायझर आणि शेड्यूल एक्स यांची विक्री बंद. औषधांची जाहिरात करावयाची नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवावयाची आणि ती देशातच साठवावयाची. दर दोन वर्षांनी तपासणी. यांत चिठ्ठीच्या सामाईक वहीची तरतूद असती तर मला याहून अधिक मागावयाचे राहिले नसते.

परंतु मसुदा वर्षानुवर्षे मसुदाच राहिला. एका त्वचारोगतज्ज्ञांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१८ रोजी परवान्याविना होणाऱ्या ऑनलाईन औषधविक्रीस मनाई केली. पाचच दिवसांनी मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनीही नियम होईपर्यंत अशी विक्री थांबविण्याचा आदेश दिला, त्याला जानेवारी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने स्थगिती दिली. मनाई कागदावर आणि गाड्या रस्त्यावर, असे चित्र देशाने पाहिले. २०२२ मध्ये नव्या औषध कायद्याचे विधेयक मसुदारूपाने आले, त्यात ऑनलाईन विक्रीस परवानगी आवश्यक असल्याचे कलम होते. तेही मसुद्यापुढे सरकले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी अनेक कंपन्यांना कारणे दाखवा नोटिसा दिल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने धोरण ठरविण्यासाठी केंद्राला आठ आठवड्यांची अखेरची संधी दिली आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा चार महिन्यांची. ‘अखेरची संधी’ हे शब्द आम्ही व्यापाऱ्यांनी करकार्यालयात इतक्या वेळा ऐकले आहेत की त्यांचे नवल वाटू नये. तरी एवढा मोठा व्यवसाय इतकी वर्षे ‘होय’ही नाही आणि ‘नाही’ही नाही अशा अवस्थेत चालू द्यावा, हे कोणत्याही शासनाला शोभणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. टाळेबंदी सुरू होताच, २६ मार्च २०२० रोजी, केंद्राने एक अधिसूचना काढून परवानाधारक किरकोळ विक्रेत्यांना औषधे घरपोच देण्याची मुभा दिली. चिठ्ठी ई-मेलने घेता येईल, मात्र औषध त्याच महसुली जिल्ह्यातील रुग्णाला द्यावे. जुनाट आजारात चिठ्ठी ३० दिवसांच्या आतील आणि तात्पुरत्या आजारात ७ दिवसांच्या आतील असावी. अमली व मनोविकारांवरील औषधे यातून वगळली होती. त्या कठीण दिवसांत आपल्या गावातील औषधविक्रेत्यांनी आजारी वृद्धांच्या दारापर्यंत पिशव्या पोहोचविल्या, हे आपण विसरता कामा नये. पुढे औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी याच अधिसूचनेचा कंपन्या गैरवापर करतात अशी तक्रार केली, हा भाग निराळा. परंतु घरपोच सेवा आणि जबाबदार दुकान यांचा मेळ घालता येतो हे त्या अधिसूचनेतील ‘त्याच जिल्ह्यातील’ या दोन शब्दांनी दाखवून दिले, असे मला वाटते.

मी दुकानदार असल्याने दुकानदारांची बाजू घेतो, असे युवकांना वाटत असेल. म्हणून दुसरी बाजूही सांगतो. औषधविक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने ऑनलाईन विक्रीविरुद्ध १४ ऑक्टोबर २०१५, ३० मे २०१७ आणि २८ सप्टेंबर २०१८ असे देशव्यापी बंद पाळले. त्या वेळी फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीचे महत्त्व त्यांनी मोठ्या आवाजात सांगितले. परंतु त्याआधी काहीच वर्षे, महेश झगडे महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना, दुकानात फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे असा आग्रह प्रशासनाने धरला, तेव्हा त्याविरुद्ध आंदोलन करणारेही औषधविक्रेतेच होते. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर मुलगा दुसराच, ही स्थिती अनेक गावांत होती आणि ती सर्वस्वी संपली आहे असे समजण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच अखिल भारतीय संघटनेला दंड केला होता, कारण संघटनेच्या ना-हरकत पत्राशिवाय नव्या माणसाला औषधांची एजन्सी मिळू न देण्याची रीत पडली होती. ग्राहक दुकान सोडून मोबाईलकडे गेला त्याला सवलत हे एक कारण असेल, पण हेही एक आहे. आपल्या समाजातील जी मंडळी या व्यवसायात आहेत आणि आज सभागृहात बसली आहेत, त्यांनी माझे हे बोलणे गोड मानून घ्यावे.

मोबाईलवरील सेवेचे फायदेही नाकारता येत नाहीत. मुले पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत आणि आई-वडील येथे, अशी आपली किती घरे आहेत! मुलगा तेथून बटन दाबतो आणि आईच्या हातात महिन्याची औषधे पडतात. कर्करोगाचे किंवा एखाद्या दुर्मीळ विकाराचे औषध आपल्या गावात मिळत नाही, त्यासाठी पूर्वी माणूस मुंबईला पाठवावा लागे. बिल पक्के मिळते, हाही गुण मोठाच आहे.

सवलतीविषयी व्यापारी म्हणून दोन शब्द. सरकारने ज्या औषधांच्या कमाल किमती ठरविल्या आहेत, त्यांच्या हिशेबात २०१३ च्या आदेशाप्रमाणे किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला असतो. त्यातून जागेचे भाडे, फार्मासिस्टचा पगार, वीज आणि फ्रिज चालवावयाचा. अशा औषधावर कोणी वीस-पंचवीस टक्के सूट देत असेल तर तो पैसा कोठून येतो, हे आपल्यातील कोणीही व्यापारी बोटांवर मोजून सांगेल. एक तर तो गुंतवणूकदाराच्या खिशातून येतो आणि गावातील दुकाने बंद पडेपर्यंतच येतो, किंवा खरेदीत कोठेतरी कमी झालेले असते. दुसरी शक्यता प्रत्येक वेळी खरी नसते हे मान्य. पण रात्री अकरा वाजता नातवाला ताप भरला असता पहिल्या शक्यतेचे मोल कळते, कारण त्या वेळी शटर अर्धे उघडून औषध देणारा माणूस उरलेला नसेल. स्वस्ताईच हवी असेल तर जनऔषधी केंद्रे आहेत. २००८ साली सुरू झालेल्या या योजनेची केंद्रे नोव्हेंबर २०२३ पर्यंत दहा हजारांवर गेली. तेथे सवलतीची नव्हे तर मुळातच कमी किमतीची औषधे मिळतात आणि काउंटरवर फार्मासिस्ट असतो. आपल्या योजनेने त्यांचा विचार आजवर का केला नाही, हे मी विश्वस्त मंडळाला येथेच विचारून ठेवतो.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी दोन माझ्या मते या विषयाला अगदी लागू पडतात. एक ‘विरुद्धराज्यातिक्रम’, म्हणजे राज्याने घातलेली व्यापाराची मर्यादा ओलांडणे. दुसरा ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे खऱ्यासारखी दिसणारी खोटी वस्तू खऱ्यात मिसळून किंवा खरी म्हणून विकणे. औषध कायद्याच्या कलम १७-ब मध्ये बनावट औषधाची व्याख्या आहे. दुसऱ्या औषधाची नक्कल असलेले, फसगत होईल इतके साम्य असलेले, अस्तित्वातच नसलेल्या कंपनीचे नाव छापलेले, असे तिचे स्वरूप. वाचताना मला ‘प्रतिरूपक’ हाच शब्द आठवत राहिला. अशा औषधाने मृत्यू वा गंभीर इजा झाल्यास २००८ च्या दुरुस्तीनंतर किमान दहा वर्षे ते जन्मठेप आणि किमान दहा लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. बनावट औषध दुकानातूनही येते आणि पार्सलमधूनही येते. दुकानात परत जाऊन जाब विचारता येतो, कारण परवाना त्या जागेला जोडलेला आहे. पार्सलवर नाव कंपनीचे, बिलावर नाव तिसऱ्याच विक्रेत्याचे, पत्ता परराज्यातील, असे असेल तर कोणत्या दारी जावयाचे? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हावयास हवे. कपडा आखूड निघाला तर महिनाभर थांबता येते.

आपल्या एका ज्येष्ठ श्राविकेचे इन्सुलिन गेल्या उन्हाळ्यात दोन दिवस कुरियरच्या खोलीत पडून होते. इन्सुलिनचा साठा दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा लागतो. त्यांनी ते तसेच वापरले असते, पण सुनेने गावातील फार्मासिस्टला दाखविले आणि त्याने ते वापरू नका म्हणून सांगितले. विशेष म्हणजे त्याने ते विकलेले नव्हते. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे आहे का, गोळीच्या स्वरूपात तेच औषध मिळेल का, हे प्रश्नही आपण अशाच एखाद्या माणसाला विचारतो. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर हिरवा ठिपका सक्तीचा आहे, औषधांच्या वेष्टनावर तशी सक्ती नाही.

आता प्रस्तावाविषयी माझे मत. दरमहा लागणारी औषधे गावातील किंवा तालुक्यातील परवानाधारक दुकानांतून आणि जनऔषधी केंद्रातून घ्यावीत. दुकानदारांशी ट्रस्टने लेखी करार करावा. फार्मासिस्ट हजर असेल त्याच वेळी औषध दिले जावे, प्रत्येक बिलावर बॅच नंबर व मुदत असावी, ट्रस्टच्या रुग्णांना ते परवडेल तेवढी वाजवी सूट असावी आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरपोच सेवा द्यावी. या अटी जो मान्य करणार नाही तो आपल्या समाजाचा असला तरी त्याच्याकडून घेऊ नये. गावात न मिळणारे औषध ऑनलाईन मागविण्यास माझी हरकत नाही, मात्र प्रत्यक्ष औषध देणाऱ्या दुकानाचे नाव व परवाना क्रमांक बिलावर असेल तरच. नसेल तर पार्सल परत. झोपेची आणि मनोविकारांवरील औषधे या मार्गाने योजनेतून मागवूच नयेत. रुग्णाने मूळ चिठ्ठी योजनेच्या कार्यालयात आणावी आणि औषध दिल्यावर तिच्यावर आपला तारखेचा शिक्का पडावा. देशाची सामाईक वही होईल तेव्हा होईल, आपल्या योजनेपुरती ती आजपासून ठेवता येते.

प्रस्ताव देणाऱ्या युवकांना एक काम सुचवितो. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातील तीनशे प्रमुख औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणे उत्पादकांना बंधनकारक झाले आहे. तो मोबाईलने वाचला की उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच, मुदत आणि परवाना क्रमांक दिसतो. आमच्या वयाच्या माणसांना ते जमत नाही. वाटपाच्या दिवशी दोन युवकांनी टेबलापाशी बसून प्रत्येक पाकीट असे तपासावे आणि ज्यावर कोड नाही त्याचा बॅच नंबर बिलाशी ताडून पाहावा.

विश्वस्त मंडळाची बैठक पुढील रविवारी आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांनी आणि गावातील औषधविक्रेत्यांनीही तेथे यावे, माझ्या कोणत्याही म्हणण्याचे खंडन करावे, मी ऐकण्यास बसलेला असेन.